मार्क लीलाताईंचा होता

सोल्डरिंगचं काम करते असं सांगितलं की आमच्या सोसायटीतल्या बायका विचारायच्या, "म्हणजे ते काळा चष्मा लावून ठिणग्या उडवतात ते?" एकीने तर बाल्कनीची ग्रिल सुटलीय, जोडून द्याल का, असंही विचारलेलं. डोंबिवलीहून ठाण्याला जाऊन बावीस वर्षं मी हे काम केलं, त्यातली बरीचशी नव्या बायकांना शिकवण्यात गेली, आणि दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. ग्रिल मला आजही जोडता येत नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. तुमच्या घरातलं कुठलंही बटणाचं यंत्र उघडा, आत एक हिरवी पट्टी दिसेल. आम्ही तिला कार्ड म्हणतो. तिच्या एका बाजूला छोटेछोटे भाग बसवलेले असतात आणि त्यांच्या तारांचे पाय भोकांतून दुसऱ्या बाजूला आलेले असतात. ते पाय कार्डाला कथिलाने जोडायचे, एवढंच काम. हातात पेनासारखं तापलेलं आयर्न, दुसऱ्या हातात कथिलाची बारीक तार. ऐकायला सोपं आहे. मलाही सोपंच वाटलेलं.

मी छत्तीस वर्षांची होते. यजमानांची अंबरनाथची कंपनी बंद पडलेली, मुलगी दहावीला. मी बारावी सायन्स, पण लग्नानंतर घराबाहेर नोकरी अशी केलेली नव्हती. ओळखीतून ठाण्याच्या एका छोट्या कारखान्यात चिकटले. पत्र्याच्या शेडमध्ये दोन रांगांत सोळा बायका बसायच्या. सुपरवायझर कर्णिकसाहेबांनी मला पहिल्या रांगेत नेलं आणि म्हणाले, "पेडणेकर, या लीलाताई. या सांगतील तसं करायचं. माझ्याकडे यायचं नाही."

लीला भोईर माझ्याहून आठेक वर्षांनी मोठ्या. कोपरजवळच्या जुन्या गावातल्या आगरी कुटुंबातल्या. शाळा चौथीपर्यंत, कपाळावर मोठं कुंकू, आणि त्या शेडमध्ये त्यांच्याइतका सुंदर हात कुणाचा नव्हता. त्यांनी केलेली दोन कार्डं शेजारी ठेवली तर कुठलं आधीचं, कुठलं नंतरचं ते सांगता यायचं नाही.

मी आयर्न उचललं ते बरोबर चुकीच्या जागी धरून. अंगठा चरचरला. मी किंचाळले तर सगळी रांग हसली. लीलाताईंनी पाण्याच्या बाटलीचं झाकण काढून माझा अंगठा आत बुडवला.

"सगल्यांचा होतो," त्या म्हणाल्या. "आता परत नाय धरनार तू तिकरं."

पहिला आठवडा रद्दीतली कार्डं. माझे जॉइंट म्हणजे कथिलाचे मणी. तार आयर्नच्या टोकावर वितळवायची आणि मग थेंब नेऊन ठेवायचा, अशी माझी समजूत. लीलाताई शांतपणे बघत राहिल्या आणि मग त्यांनी माझी तारच काढून घेतली. "पयली जागा तापव. पाय पन तापव. दोघं तापली का तार आपोआप पलते." मी तसं केलं. तार खरोखरच पाण्यासारखी पळाली आणि पायाभोवती चमकदार छोटी टेकडी उभी राहिली. इतका आनंद मला बारावीच्या निकालानेही झालेला नव्हता.

दुसरी गोष्ट त्यांनी दिवसातून वीसदा सांगितली असेल. "थंड होईपरतं हलवाचा नाय." जॉइंट निवायला दोन-तीन सेकंद लागतात. तेवढ्यात भाग हलला तर कथिल वरून घट्ट दिसतं, पण आत चीर जाते. चमक जाऊन ते राखाडी, दाणेदार होतं. त्याला आम्ही ड्राय म्हणतो. ड्राय जॉइंटचा घात असा की तपासणीच्या वेळी तो चालतो. टेबलावर लावून बघितलं की दिवा लागतो, सगळं ठीक. मग कुठेतरी, सहा महिन्यांनी, गरम-गार होऊन होऊन, एक दिवस तो सुटतो.

मी डावखुरी. त्याचा लीलाताईंना फार ताप झाला, कारण त्या शेजारी बसून दाखवायच्या आणि मला सगळं आरशात बघितल्यासारखं उलटं करावं लागायचं. पायाचं उरलेलं टोक आम्ही कटरने कापतो. सगळ्यांचा काप एका बाजूला उतरता, माझा दुसऱ्या बाजूला. "तुजा काम अंधारात पन वलखेन मी," त्या म्हणायच्या.

एक पद्धत सांगायची राहिली. प्रत्येक बाईचा एक रंग असे. कार्ड झालं की कोपऱ्यात त्या रंगाच्या मार्करने ठिपका द्यायचा, म्हणजे कुणाचं काम ते कळतं. त्यालाच मार्क म्हणायचे. नव्या बाईला पहिले सहा महिने मार्क नसायचा. तिची कार्डं शिकवणारीने तपासायची आणि आपला ठिपका द्यायचा. लीलाताईंचा हिरवा होता. त्या रोज जेवणाच्या सुट्टीआधी माझा गठ्ठा पुढ्यात ओढायच्या आणि एकेक कार्ड उजेडात तिरकं धरून बघायच्या. दहातली चार परत माझ्याकडे यायची. मग दोन. मग एखादं.

दुसऱ्या महिन्यात मला बझर दिला. बझर म्हणजे काळी, गोल, जड चकती, कर्कश आवाज करणारी. पाय दोनच, म्हणून नवीन बाईला तो देतात. पण कार्ड उलटं केलं की चकतीमुळे ते डुगडुगतं, त्यामुळे खालून बोटाने धरून ठेवावं लागतं, आणि पाय तापला की त्या बोटाला चटका बसतो. मी त्या दिवसांत शेकड्यांनी बझर लावले. ते कशात जातात ते कुणी सांगितलेलं नव्हतं आणि आम्ही विचारलंही नव्हतं. लीलाताईंचा अंदाज लिफ्टचा. माझा, चोर आला की वाजणाऱ्या घंटेचा.

सातव्या महिन्यात मला माझा निळा मार्कर मिळाला. मी पेढे वाटले.

त्यानंतर दोनेक महिन्यांची गोष्ट. सकाळी साडेदहाच्या सुमाराला कर्णिकसाहेबांनी सगळी आयर्नं बंद करायला लावली. असं कधी होत नसे. दोन माणसांनी चाकांवरचं एक उंच यंत्र ढकलत आत आणलं. वर दांडीला हीटर, खाली गादीसारखा छोटा पाट, त्याला काचेच्या बुटक्या भिंती. मागून तसंच दुसरं यंत्र आणलं.

"हे काय आहे माहितीय?" साहेबांनी विचारलं.

उत्तराची वाट न बघता त्यांनी पाटावरची एक बारीक वायर उचलून दाखवली.

"अपुऱ्या दिवसांची बाळं यात ठेवतात. त्यांना अंगची ऊब धरता येत नाही. ही वायर बाळाच्या अंगाला चिकटवतात. बाळ गार पडलं की यंत्र हीटर वाढवतं. वायर निसटली तर यंत्राला वाटतं, बाळ गारच आहे, आणि ते तापवत सुटतं. म्हणून वायर निसटली की बझर वाजतो. तुमचा बझर."

मागच्या रांगेतून "अगं बाई" असा आवाज आला. मला पहिल्यांदा हसू आल्यासारखं झालं, का ते आजही सांगता येत नाही. चोराची घंटा म्हणत होते ती ही.

साहेबांनी एका यंत्राची वायर उपटली. त्याने असा टाहो फोडला की दोघींनी कान झाकले. ते बंद करून ते दुसऱ्याकडे गेले. त्याची वायर काढली. एक लाल दिवा लुकलुकायला लागला. बाकी काही नाही. पत्र्यावर कावळा चालत होता, त्याच्या नख्या ऐकू येत होत्या. आम्ही सोळा जणी एका आवाजाची वाट बघत उभ्या होतो आणि तो येत नव्हता.

"हे कल्याणच्या एका हॉस्पिटलातून आलंय," ते म्हणाले. "नर्स दुसऱ्या बाळाजवळ होती. तिची पाठ होती, त्यामुळे दिवा दिसला नाही. वळली तेव्हा बाळाचा रंग बघून धावली. बाळ पालथं निजवलेलं होतं. पाठ भाजलीय. मुलगी आहे, नऊ दिवसांची."

"हाय ना?" लीलाताईंनी विचारलं. "जित्ती हाय ना?"

"आहे."

मग त्यांनी यंत्रातलं कार्ड काढलं आणि भिंगाबरोबर पहिल्या टेबलावर ठेवलं. "प्रत्येकीने बघायचं. एकीनेही सुटायचं नाही."

माझा नंबर पाचवा होता. तोवर मी देवाला सांगत होते की दुसऱ्या कुणाचं असू दे. भिंगाखाली बझरचा एक पाय छान चमकत होता. दुसऱ्याभोवती राखाडी, खरबरीत कथिल आणि त्यात केसासारखी गोल चीर. कोपऱ्यात हिरवा ठिपका. आणि दोन्ही पायांची टोकं उलट्या बाजूला उतरती कापलेली.

सोळा जणींत डावखुरी मी एकटीच. मला तो जॉइंट आठवला नाही, कितीही आठवून बघितलं तरी आठवत नाही. शेकड्यांतला एक. बोटाला चटका बसला असेल, हात हलला असेल, दोन सेकंदांचं काम. मी भिंग पुढच्या बाईकडे दिलं.

"हिरवा कोणाचा?" साहेबांनी विचारलं. त्यांना माहीत होतंच.

"माजा," लीलाताई म्हणाल्या. "मार्क माजा हाय."

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. बघितलं असतं तर मी बोलले असते, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत होते. ते खरं नाही. मी टेबलाच्या कडेला धरून उभी होते आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, निळा मार्कर काढून घेतील. नऊ दिवसांच्या मुलीची पाठ भाजली होती आणि मला मार्करची पडली होती. माणूस आपल्याला वाटतो तसा निघत नाही याचा एवढा धक्का मला त्याआधी कधी बसला नव्हता, आणि तो माणूस मीच होते.

लीलाताईंना तीन महिन्यांसाठी पॅकिंगला पाठवलं. खोक्यांना टेप लावायचं काम. दुसऱ्या दिवशी त्यांची खुर्ची मला दिली. जेवायला आम्ही पूर्वीसारख्याच एकत्र बसायचो. त्या सुक्या बोंबलाची चटणी माझ्या डब्याच्या झाकणात वाढायच्या आणि मी ती तशीच झाकणात ठेवून डबा बंद करायचे. मधे दोन दिवस त्या आल्याच नाहीत. आल्यावर मी विचारलं तर म्हणाल्या, "बरा नव्हता."

अकराव्या दिवशी मी कर्णिकसाहेबांच्या केबिनमध्ये गेले. दार लावून घेतलं आणि उभ्याउभ्याच बोलले. "साहेब, तो जॉइंट माझा आहे. काप बघा, डाव्या हाताचा आहे."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मला दिसला होता तो," ते म्हणाले. "त्याच दिवशी."

"मग लीलाताईंना..."

"पेडणेकर, तेव्हा तुम्हाला मार्क होता का?"

"नव्हता."

"मग तुमची चूक कागदावर येतच नाही. ज्यांनी ठिपका दिला त्यांची येते. हे मी नाही म्हणत, भोईरबाईंनी मला येऊन सांगितलं. तिला काढू नका म्हणाल्या, तिचा असा जॉइंट परत होणार नाही." मग चष्मा परत लावून म्हणाले, "जा, कामाला लागा."

मी शिक्षा मागायला गेले होते आणि मला खुर्चीवर परत पाठवलं. बाहेर आले तर लीलाताई खोक्याला टेप लावत होत्या. मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. "लीलाताई, मी साहेबांना सांगितलं."

"कनाला?" कशाला, एवढंच त्या म्हणाल्या, आणि दातांनी टेप तोडली.

तीन महिने झाले. साहेबांनी त्यांना रांगेत परत बोलावलं. मी त्यांची खुर्ची पुसून ठेवली, आयर्नला नवं टोक बसवलं. लीलाताई आल्या, बसल्या, आयर्न हातात घेतलं. मी शेजारी होते, मला स्पष्ट दिसत होतं. टोक थरथरत होतं. ज्या हाताची मी नक्कल करत शिकले, तो हात नव्या बाईच्या हातासारखा हलत होता. त्यांनी एक कार्ड ओढलं, आयर्न जागेवर टेकवलं, आणि तसंच उचलून स्टँडमध्ये ठेवलं.

"नजर कमी झाली माजी," त्या साहेबांना म्हणाल्या. "पॅकिंगलाच बरी हाय मी."

पन्नाशीही गाठली नव्हती त्यांनी. पुढची सगळी नोकरी त्यांनी खोक्यांवर काढली आणि मग गुडघ्यांमुळे वेळेआधीच घरी बसल्या.

मी मात्र शिकवणारी झाले. त्याबद्दल अभिमान नाही असं म्हणणं खोटं ठरेल. बझर लावून झाला की लाकडी काडीने त्याला चारी बाजूंनी ढोसून बघायचं, बझर वाजत ठेवून, म्हणजे आवाज तुटला की चीर कळते, ही तपासणी मी सुरू करायला लावली. साहेब आधी वेळ जातो म्हणून कुरकुरले, पहिल्याच आठवड्यात काडीने दोन ड्राय पकडले तेव्हा गप्प झाले. आणि नव्या बाईला पहिल्या दिवशी, आयर्न हातात देण्याआधी, मी ते बाळांचं यंत्र दाखवायचे. हे कार्ड कुठे जातं, ते माहीत नसलेल्या बाईला मी एकही जॉइंट करू दिला नाही.

नाना तऱ्हेची माणसं शिकून गेली. शहाडची एक मेंदी काढणारी बाई आली, तिने पहिल्याच दुपारी असे जॉइंट केले की मला काही शिकवायलाच उरलं नाही. मेंदीचा कोन दाबून दाबून तिच्या बोटांना किती सोडायचं आणि कधी थांबायचं ते आधीच कळत होतं. एकदा एक इंजिनिअर मुलगा ट्रेनिंगला आला, पहिल्या वर्गात पास झालेला. सर्किट तोंडपाठ. आयर्न दिलं तर त्याने कार्डावर चिकटवलेलं तांबंच जास्त तापवून उपटून काढलं. "मॅडम, कॉलेजमध्ये आम्हाला एकदाच करायला दिलेलं, तेही चार जणांत एक," तो म्हणाला, आणि रडवेला झाला. त्याला मी तीन आठवडे रद्दीवर बसवलं. चांगला तयार झाला. पण सगळ्यांच्या कार्डांना ठिपका द्यायची वेळ आली की माझा निळा मार्कर कार्डापाशी जाऊन थांबायचा. मी परत भिंग उचलायचे. बायका माझ्यामागे मला 'परत-बघ' म्हणायच्या, ते मला ठाऊक होतं.

रिटायर झाले त्या महिन्यात मी कोपरला लीलाताईंकडे गेले. मधल्या काळात लग्नाकार्याला भेट व्हायची, पण गर्दीत, हसण्यापुरती. आता त्यांच्या जुन्या घराच्या जागी बिल्डिंग झालीय, त्या दुसऱ्या मजल्यावर राहतात. घरात त्या एकट्याच होत्या. गुडघ्यांवर हात ठेवून उठल्या, मला पलंगावर बसवलं.

इकडचं तिकडचं झालं. मग मी जे बोलायला गेले होते ते बोलले. म्हटलं, "लीलाताई, त्या दिवशी मी गप्प राहिले म्हणून तुमचा हात गेला. इतकी वर्षं मला हे बोलायचं होतं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या, जणू मी भलतंच काही बोलले.

"तुज्यामुलं नाय गो," त्या म्हणाल्या. "मी तिला बघाला गेलेली."

"कुणाला?"

"त्या पोरीला. कल्यानला. मशीन घेऊन आलेल्या मान्साला विचारला मी, कंचा हास्पिटल. मंग दोन दिस घरी राहिली. पयल्या दिवशी गेटावरनंच परत आली. दुसऱ्या दिवशी आत गेली."

ते दोन दिवस मला लख्ख आठवत होते. 'बरा नव्हता' म्हणाल्या होत्या.

"तिची आई बाहेर बाकावर बसलेली," लीलाताई सांगत होत्या. "पोरगी मांडीवर. तवर बरी झालेली ती, दूध पाजाला आईजवल दिलेली. मी तिच्यासमोर उभी राहिली आन् बोलली, बाय, त्या मशीनचा काम मी केलेला. आमच्या हातना चूक झाली. मना वाटला ती मारंल. मारली असती तर बरा झाला असता."

"मग?"

"ती बोलली, मावशी, हिला जरा धरा, मी हात धुवून येते."

लीलाताईंनी गुडघ्यावरून हात फिरवला.

"ती लय दिस झोपली नसंल गो. मी काय बोलली ते तिच्या कानात गेलाच नाय. मना वाटतं तिला मी हास्पिटलातली आया वाटली. तिनं पोरगी माज्या हातावर ठेवली आन् गेली. येवढीशी." लीलाताईंनी दोन्ही तळवे एकमेकांशेजारी धरून दाखवले. "पाठीला पट्टी. मना हात कुठं लावू कलंना. मी हललीच नाय. ती येईपरतं मी श्वास पन नीट घेतला नाय. मंग तिनं घेतली आन् मना थँक यू बोलली. मी घरी आली. त्याच्यानंतर आयरन धरला का माजा हात थांबतच नाय."

बाहेर कुणीतरी जिन्यावरून बादली आपटत खाली गेलं. मी त्यांचे हात हातात घेतले. गुडघ्यांच्या औषधाचा वास येत होता त्यांना.

"लीलाताई, जॉइंट माझा होता," मी म्हटलं. "तुम्हाला माहीत होतं. मला का नाही नेलंत बरोबर?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्या पहिल्या आठवड्यात माझी तार काढून घेताना पाहिलं होतं तसं नव्हे, खूप थकून.

"तू नवीन व्हतीस गो," त्या म्हणाल्या. "तुजा हात बसाचा व्हता अजून."